डोळे बसवणारी धाकटी

आमच्या घरात सगळे जण ताट उचलताना अंगठा खुशाल आत बुडवतात. धाकटी मात्र फक्त कडा धरते, तीही बोटांच्या टोकांनी. तिच्या हातात कुणाचा फोटो दिला तर तोही तसाच कडेनं धरून बघते. सासूबाई म्हणतात, "हिला वाटतं, ताटालासुद्धा शॉक बसतो."

"कामावरचे हात कामावर ठेवून येता येत नाहीत ना, आई," धाकटी म्हणते आणि तसंच कडेनं धरून दुसरं ताट वाढायला घेते.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. घराघरांत, दुकानांत हालचाल ओळखणारे सेन्सर बसवायचं तिचं काम. माणूस जिन्यात आला की दिवा लागतो, गेला की विझतो. बंद दुकानात कुणी शिरलं की भोंगा वाजतो. एकटं राहणारं म्हातारं माणूस बराच वेळ हललेलं दिसलं नाही तर मुलांच्या फोनवर निरोप जातो. आमच्या भागात या सेन्सरला सगळे 'डोळा' म्हणतात आणि तिला 'डोळेवाली'. नव्या माणसाला वाटतं, चष्म्याचं दुकान असेल. एक आजोबा तर खरोखरच मोतीबिंदू दाखवायला आले होते. धाकटीनं त्यांना बसवलं, चहा पाजला आणि स्वतः रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून आली.

लग्नाआधी ती असे डोळे जोडणाऱ्या कारखान्यात होती. हात धुऊन, कोरडे करून, अंगातली वीज जमिनीत उतरवून मगच तिथं बाकावर बसायला मिळायचं. अंगात वीज असते, हे मला तोवर कॉलेज शिकूनही फक्त परीक्षेपुरतं माहीत होतं. हिनं ते रोजच्या वागण्यात आणलं. डोळ्याचं झाकण उघडायचं झालं की आधी नळाला हात लावते. नळ नसेल तर खिडकीचे गज. आतला बोर्ड कडेनं उचलते, धातूच्या कुठल्याही टाक्याला बोट लागू देत नाही. "एवढी ठिणगीसुद्धा नको," ती म्हणते. "आपल्याला कळतही नाही, आणि याचा जीव जातो. लगेच जात नाही, तेच वाईट. महिनाभर बरा चालतो आणि मग वेड्यासारखं करायला लागतो. मग लोक म्हणतात, डोळेवालीनं फसवलं."

शिडी धरायला कुणी नसलं की ती मला नेते. शिडी लाकडी, मुद्दाम. लोखंडी हलकी असते, दिसायलाही बरी, पण तारांच्या कामाला ती तिला चालत नाही. घरात शिरल्यावर पहिल्यांदा मुख्य बोर्डावरचा फ्यूज काढते आणि थेट कुडत्याच्या खिशात टाकते. नुसतं बटण बंद करून तिचा विश्वास बसत नाही. "आपण वर तार धरून उभे आणि खाली घरातला एखादा जावई अंधार का झाला म्हणून बटण दाबायला येतो. खिशातला फ्यूज कुणी दाबू शकत नाही." एकदा हा फ्यूज खिशात तसाच घेऊन ती घरी आली. पाठोपाठ त्या घरच्या बाई रिक्षा करून दारात. "अहो डोळेवाली बाई, तुमचा डोळा राहू द्या, आमचा फ्रिज द्या आधी!"

डोळा लागला की ती सगळ्यांना खोलीबाहेर काढते. चालू केल्यावर मिनिटभर त्याला रिकामी, शांत खोली लागते. तेवढ्यात तो खोलीची ओळख करून घेतो. हे मिनिट घरच्यांना काही केल्या निभत नाही. दारातून एक तरी डोकं आत येतंच, "झालं का?" म्हणून. मग पुन्हा पहिल्यापासून.

लोक त्या डोळ्याचे लाड तरी किती करतात! एका बाईंनी धूळ बसते म्हणून त्याला झालरीची टोपी शिवली होती. एका दुकानदारानं भिंतीबरोबर त्यालाही छान निळा रंग देऊन टाकला. कुणी त्याच्यावरची दुधाळ काच साबणानं घासतं, कुणी थिनरनं. खरं तर ती काच नसतेच, पातळ प्लास्टिक असतं, आणि त्यावर बोटाचा तेलकट ठसासुद्धा उमटायला नको. कोरडं मऊ फडकं, तेही अलगद. समोर ऊन येणारी खिडकी नको, शेगडी नको, पंख्याखाली फडफडणारा पडदा नको. धाकटी हे सगळं प्रत्येक घरात न कंटाळता सांगते. कधी चिडलेली मी पाहिली नव्हती.

पाहिली ती घड्याळवाल्या काकांकडे.

काका बाजूच्या गल्लीत तळमजल्यावर राहतात. पुढची खोली हेच दुकान: खिडकीपाशी टेबल, टेबलावर चिमटे, भिंग, नखाएवढ्या डब्या, भिंतीवर घड्याळंच घड्याळं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला बस डेपोच्या कचेरीत कामाला. गेल्या वर्षी काका मोरीत घसरून पडले आणि शेजाऱ्यांनी दार ठोठावेपर्यंत अर्धा दिवस तसेच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण लेकीची झोप उडाली. तिनं धाकटीला बोलावून दोन्ही खोल्यांत डोळे बसवून घेतले. दिवसा तासभर काका हललेले दिसले नाहीत, तर लेकीच्या फोनवर निरोप. तासाहून जास्त बाहेर जायचं असलं तर काकांनी तिला आधी कळवायचं.

झालं असं की निरोप येऊ लागले आणि काका ठणठणीत. लेक काम टाकून, दोन बस बदलून धापा टाकत यायची, तर काका टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून. "काय गं, आज लवकर सुटलीस?"

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती दारातच बसली. "बाबा, आता पुरे. आणखी एकदा असा निरोप आला की सामान बांधायचं. माझ्याकडे राहायचं."

"आणि टेबल?"

"टेबल कुठे ठेवू? माझ्या घरात आधीच पाय ठेवायला जागा नाही."

तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिथे घड्याळ घेऊन कोण चढणार? आणि टेबलाशिवाय काका म्हणजे काय, हे त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही सांगायला नको. लेकीलाही ते कळत होतं. म्हणूनच ती ओरडत होती.

त्यानंतर मात्र निरोप थांबले. एकदम. लेक खूश, काका खूश. धाकटीला तेवढं बरं वाटेना. "मी तर काहीच दुरुस्त केलं नाही, ताई. आपोआप बरं कसं झालं?"

म्हणून एका दुपारी आम्ही दोघी शिडी घेऊन तिकडे गेलो. दाराला कुलूप होतं. धाकटीनं खिडकीच्या काचेला नाक लावून आत पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"ताई, बघ."

खोलीत चिटपाखरू नव्हतं. आणि समोरच्या भिंतीवर डोळ्यातला तांबडा ठिपका लागत होता, विझत होता. लागत होता, विझत होता. हा ठिपका लागला म्हणजे डोळ्याला कुणीतरी हललेलं दिसलं.

"मांजर असेल," मी म्हटलं.

"मांजर इतकं शिस्तीत हिंडत नाही."

तेवढ्यात काका आले, हातात कुणाचं तरी गजराचं घड्याळ. आम्हाला पाहून त्यांनी किल्ली काढायला जरा जास्तच वेळ लावला. आत गेल्यावर उलगडा झाला. डोळ्याच्या जरा खाली, फळीवर, लंबकाचं एक जुनं घड्याळ नव्यानं मांडलेलं होतं. आणि लंबकाच्या टोकाला बोराएवढा एक पेटता दिवा बांधला होता. तो आपला मजेत झोके घेत होता.

"हे काय, काका?"

काकांचा चेहरा चोरी पकडलेल्या माणसाचा होता, पण कारागिरी दाखवायची हौस त्याहून मोठी. "तूच सांगितलं होतंस ना पोरी, याला ऊब हललेली दिसते म्हणून? आधी नुसता लंबक ठेवला. ढिम्म बघेना. मग म्हटलं, ऊब पाहिजे नाही का! दिवा बांधला. तार इतकी बारीक घेतली की लंबकाला भार नाही. दिवसाला अर्ध्या मिनिटाचासुद्धा फरक पडत नाही, बघ."

"आणि दिव्याला वीज कुठून?"

"त्याच्याच तारेतून घेतली. डोळ्याच्या."

इथे धाकटी चिडली. "काका! डोळ्याच्या तारेवर दुसरं काही जोडायचं नाही, असं मी बसवताना सांगितलं होतं की नाही? त्याची ताकद ती केवढी! त्यावर हे जोड उघडे, पट्टीसुद्धा नाही. एकाला एक चिकटले असते तर डोळा गेलाच असता, शिवाय फळीवर तुमची ही तेलाची बाटली!"

काका बाटली मुकाट्यानं खाली ठेवायला लागले. तिनं फ्यूज काढून खिशात टाकला. ठिपका विझला, दिवा विझला. लंबक तेवढा चालू राहिला.

"हे घड्याळ एकदा किल्ली दिली की किती चालतं?" तिनं आता हळू आवाजात विचारलं.

"आठवडाभर. उत्तम घड्याळ आहे."

"म्हणजे तुम्ही मोरीतून येताना इथे या खोलीत पडलात, तर आठवडाभर हे लेकीला सांगत राहणार, बाबा मजेत आहेत, हिंडताहेत."

काकांनी लंबकाकडे पाहिलं. मग हात पुढे करून त्यांनी तो बोटानं थांबवला. भिंतीवरची बाकीची घड्याळं तेवढी बोलत होती.

"तिला सांगू नकोस," काका म्हणाले. "ती घेऊन जाईल मला."

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगणार. मी बाजूला उभी राहते." आणि त्यांचा चेहरा पाहून म्हणाली, "पण आधी ते निरोप मुळात का जात होते ते शोधू. बसा बघू रोजच्यासारखे."

दिव्याची तार सोडवून तिनं फ्यूज परत लावला, आम्ही तिघं मिनिटभर गल्लीत उभे राहिलो, मग काका टेबलाशी बसले. भिंग लावलं, श्वास रोखला. घड्याळाच्या पोटात हात घालताना माणूस किती स्थिर बसतो, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. अंगावर मुंगीनं चढून जावं, इतका.

"असं तासन्‌तास बसल्यावर तो बिचारा काय बघणार!" मी म्हटलं.

"तेवढंच नाही, ताई. तरी मान वळते, हात डबीकडे जातो. तेवढं दिसायला हवं. काका, हात हलवा."

काकांनी हात हलवला. ठिपका नाही. दोन्ही हात हलवले. नाही. "अरे, मी आहे!" ते डोळ्यावर ओरडले. शेवटी वैतागून त्यांनी हात डोक्याच्या वर उंच नेले, आणि ठिपका लागला.

धाकटी टेबलापाशी गेली. टेबलाच्या पुढच्या कडेला, काकांच्या कपाळापर्यंत येईल अशी एक काच उभी होती. धूळ आणि वारा अडवायला. तिनं काचेवर टिचकी मारली.

"ही त्या दिवशी नव्हती."

"कशी असेल? तू भिंतीला भोक पाडणार, भुगा उडणार. म्हणून मीच काढून आत ठेवली होती. तू गेलीस की लावली."

धाकटीनं कपाळाला हात लावला. "आणि मी विचारलंच नाही, इथे रोज काय असतं म्हणून."

मला कळेना. "अगं, पण काचेतून सगळं दिसतं की!"

"आपल्याला दिसतं. त्याला माणसाची ऊब दिसते, आणि ती काचेपलीकडे जात नाही. त्याच्या लेखी काका भिंतीमागे बसलेत."

काका काचेकडे आणि डोळ्याकडे आळीपाळीनं बघत राहिले. "म्हणजे मी इतके दिवस या आंधळ्याला दिवे दाखवत होतो?"

मग कामाला लागलो. मी शिडी धरली. समोरच्या भिंतीवरचा डोळा उतरला आणि बाजूच्या भिंतीवर गेला. तिथून काका काचेआड नव्हते, आणि खुर्चीतून उठून मोरीकडे जाणारा माणूस त्याच्या नजरेला आडवा जाणार होता. सरळ अंगावर चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला चांगला दिसतो. खिडकीतलं ऊन तिथवर पोचत नाही, हे तिनं काकांकडून दोनदा वदवून घेतलं. आणि एक नवीन गोष्ट केली: निरोप जाण्याआधी खोलीतच इशारा व्हावा.

"भोंगा लावते छोटासा."

"भोंगा?" काका खुर्चीतून अर्धवट उठले. "अगं, केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात असताना भोंगा वाजला तर ती आढ्याला जाऊन चिकटेल. मग शोध तू, तुझ्या शिडीवर चढून!"

"बरं, दिवा. पण तुमचं लक्ष जाईल का? भिंग लावलं की तुम्हाला भूकंपही कळत नाही."

थोडी घासाघीस होऊन दिवा चिमट्यांच्या तबकाशेजारी ठरला, पिवळा, हातभर अंतरावर. तो लुकलुकला की काकांनी नुसता हात वर करायचा. नाही केला, तर निरोप लेकीला.

काकांनी फोन करून बोलावलं, आणि संध्याकाळ व्हायच्या आत लेक आली. डेपोतून सरळ, खांद्यावर पिशवी तशीच. काकांनी सगळं सांगितलं. दिव्याचं सांगताना त्यांचा आवाज जरा खुलला, तो त्यांनी लगेच आवरला. लेक ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, मग संतापानं कोरडे झाले.

"म्हणजे मी रोज फोन बघून देवाचे आभार मानत होते, ते या दिव्याचे?"

"चुकलं, चिमे."

"नुसतं चुकलं काय, बाबा! अर्धा दिवस पडून होतात तुम्ही!" ती धाकटीकडे वळली. "आणि तुमचा डोळा तरी आता खरं बोलेल, कशावरून?"

"माझ्या शब्दावर नका जाऊ," धाकटी म्हणाली. "तुम्हीच बघा. काका, खाली झोपा."

"कुठे?"

"जमिनीवर. पडल्यासारखे. मी ती तासाची वेळ आज जरा कमी करून ठेवते. आणि तुम्ही," ती लेकीला म्हणाली, "फोन घेऊन गल्लीत उभ्या राहा. पण काका, हलायचं नाही."

काका कुरकुरत टेबलाशेजारी आडवे झाले. आम्ही तिघी बाहेर. फोन काही वाजेना. खिडकीतून पाहिलं तर काका उताणे पडून छताशी बोलत होते, दोन्ही हात उडवत. जो माणूस टेबलाशी दगडासारखा बसतो, त्याला झोपून गप्प राहवत नव्हतं.

"बाबा!" लेक खिडकीतून ओरडली. "पडलेला माणूस भाषण करत नाही!"

"कंबर दुखतेय माझी!"

"मग तोंडानं सांगा, हातांनी नको!"

दुसऱ्या वेळी ते खरंच निश्चल पडले. टेबलावरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. थोडा वेळ लुकलुकत राहिला. आणि लेकीच्या हातातला फोन वाजला.

सगळं ठरवून केलेलं, तिच्यासमोर. तरी ती धावली. पिशवी गल्लीतच टाकून, दार ढकलून आत, आणि काकांपाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा?"

"शू! मला उठवू नकोस," काका म्हणाले. त्यांनी मान वाकडी करून टेबलाखाली नजर लावली होती. "चिमे, तुझा तो फोनचा दिवा लाव बघू. इथे काय काय पडलंय! हा स्क्रू मी कुठे कुठे शोधला. त्या वकिलाच्या घड्याळाची गुंडी! अगं, ही तर किती वर्षांपूर्वीची सुई."

मग लेकही ऑफिसच्या कपड्यांत पोटावर आडवी झाली आणि टेबलाखाली उजेड धरला. धाकटीनं चिमटा दिला. बाप-लेक एकेक कण उचलून डबीच्या झाकणात ठेवत होते. लेकीचं लक्ष मध्येच वर गेलं. ठिपका दोघांच्या हालचालींनी सारखा लागत होता.

"बाबा," ती तशीच झोपून म्हणाली, "राहा इथेच. पण ही परीक्षा दर महिन्याला होणार. माझ्यासमोर."

"दर महिन्याला येशील?"

"येईन. पण निरोप आला म्हणून नाही, अशीच."

"मग पुढच्या वेळी तू झोप, मी गल्लीत उभा राहतो."

दोघं उठले. लेकीनं त्यांच्या सदऱ्याची पाठ जोरजोरात झटकायला सुरुवात केली. "काय ही धूळ! जमीन कधी झाडली होती शेवटची? केरसुणी कुठेय?"

"ए, झाडू नकोस!" काका झाकणावर हात धरून ओरडले. "अजून एक स्क्रू सापडायचाय!"